सिंधुनं घोंगडी मागितली

या, जवळ सरका, माउली! टाळ क्षणभर बाजूला ठेवा. माहूरच्या रानातली हकिकत सांगतो. आधी हसाल, मग मान खाली जाईल.

शेषेरावांचा नवस होता, घटस्थापनेला डोंगरामागच्या झऱ्याचं पाणी आणायचा. कलश भरला की देवळापर्यंत जमिनीला टेकवायचा नाही! सोबत बायको साखराबाई आणि सून सिंधु.

सागाच्या ओल्या पानांतून, काटेरी करवंदीच्या जाळ्या दूर सारत ते झऱ्यापाशी पोचले. कलश भरला. परतीच्या वाटेवर सिंधु एकाएकी थरथरू लागली. दात कडकडले! बांगड्या खणखणल्या!

"आली! आई अंगात आली!" शेषेराव ओरडले.

"घों... घोंगडी द्या..."

देवीनं आसन मागितलं! शेषेरावांनी घाईनं खांद्यावरची घोंगडी खडकावर अंथरली आणि कलश छातीशी धरून मान झुकवली. "आई, काही चुकलं का आमचं?"

सिंधु घोंगडीवर मुटकुळं करून पडली. कुंकू लावायला साखराबाईंनी तिच्या कपाळाला बोट टेकवलं आणि झटकन मागं घेतलं.

"अवो, कपाळ भाजून राहिलं! देवीला कधी ताप येतो का?"

"आत्याबाई, मी सिंधुच हाय," ती कण्हली. "परवाबी अशीच हुडहुडी भरली व्हती. बोलले न्हाई. मामा म्हणले असते, नवसात खोडा घातला."

शेषेरावांना तिच्याकडं बघवेना.

घोंगडीची झोळी करायची तर दोन्ही हात हवेत. आणि कलश? त्यांनी तो सरळ खडकावर टेकवला! ओंजळीनं सिंधुला पाणी पाजलं, उरलेल्यात साखराबाईंनी पदर भिजवून तिच्या कपाळावर ठेवला. मग दोघांनी झोळी उचलली. उतार. चिखल. खाली फुगलेला ओढा! मधोमध शेषेरावांचा पाय सटकला. गुडघा फुटला, पण झोळी सुटली नाही!

दवाखान्यात रक्त तपासलं. हिवताप निघाला.

"थंडी वाजत होती तेव्हाच आत ताप चढत होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वाचेल ती. पण तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"पाया पडत होतो," शेषेराव जमिनीकडं बघत म्हणाले.

औंदा त्यांच्या देवळात घट विहिरीच्या पाण्यावर बसला. आई रागावली नाही, माउली. तुमच्यासमोर कुणी थरथरलं, तर हात जोडण्याआधी एक हात त्याच्या कपाळाला लावा, आणि पांघरायला घोंगडी मागणाऱ्या त्या सिंधुची आठवण ठेवा.