किल्ली आतच राहिली

हेर्लेकरांच्या डोक्यातल्या कुलपाला पाच वर्षं झाली, म्हणून मिरजेच्या स्मृतिरक्षण केंद्राचं पत्र आलं. आधार कार्ड, दोन फोटो आणि किल्लीदार घेऊन यावे. किल्लीदार म्हणजे अर्धी किल्ली जिच्या ताब्यात होती ती त्यांची मुलगी, शलाका. वाटेत तिने दोनदा डोळे पुसले. हेर्लेकर खिडकीतून उसाच्या ट्रॉल्या मोजत होते. सतरा भरल्या.

बायको गेल्याचं त्यांना ठाऊक होतं, एखाद्या डोंगराची उंची ठाऊक असावी तसं. भिंतीवरच्या फोटोतल्या बाईंना ते तिथीला हार घालत. बाईंचे दात चांगले आहेत, एवढंच त्यांचं मत होतं.

खरं तर कुलपात जायचे होते ते फक्त दवाखान्यातले शेवटचे आठ दिवस. आठवण पुसायची नाही. तिची अशी गुंतागुंत करून ठेवायची की किल्लीशिवाय मेंदूलाही ती वाचता येऊ नये, असा हा उपचार. पण अर्जात ‘शेवटचे दिवस / संपूर्ण सहवास (लागू नसेल ते खोडावे)’ असं छापलं होतं आणि त्या दिवशी हेर्लेकरांच्या हातून काहीच खोडलं गेलं नाही. न खोडल्यास दोन्ही लागू, असा नियम. एकतीस वर्षांचा संसार आत गेला. तक्रार अर्जदारानेच करायची होती, आणि तक्रार करण्याइतकं वाईट हेर्लेकरांना कधी वाटलंच नाही.

काउंटरवर कुरणेबाई होत्या. “किल्लीची मुदत पाच वर्षं, काका. जुनीने उघडायचं, नवीने बंद करायचं. अर्धी किल्ली मुलीच्या कार्डात, अर्धी तुमच्या पासवर्डात. आजचा शेवटचा दिवस. नाही उघडलं तर कायमचं बंद.”

“असू दे की,” हेर्लेकर म्हणाले.

“असू दे काय, बाबा?” शलाका म्हणाली. “पाच वर्षं झाली, आईबद्दल बोलायला मला घरात माणूस नाही. टाका तो पासवर्ड.”

हेर्लेकरांनी बराच विचार केला. “आठवत नाही. तिच्यावरूनच ठेवला असणार.”

कुरणेबाईंनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप! आठवड्याला एक तरी असा येतोच. तीनदा चुकलं की संपलं हं.”

शलाकाने आईचं नाव टाकायला लावलं. लाल दिवा. मग माहेरचं गाव. पुन्हा लाल.

“तुम्ही तिला हाक काय मारायचात?” तिने स्वतःलाच विचारलं. “नुसतं ‘अगं’ म्हणायचात.”

“काका, नोकरी कुठं केलीत?” कुरणेबाईंनी मध्येच विचारलं.

“कोर्टात. टंकलेखक.”

“मग आठवू नका. डोळे मिटा. घरातल्या सगळ्याला तुम्ही पासवर्ड एकच ठेवला असणार. सगळे ठेवतात, ठेवू नका म्हणून आम्ही भिंतीवर लिहिलंय. बोटांची सवय मेंदूत वेगळ्या जागी राहते. तिला आम्ही हात लावत नाही.”

हेर्लेकरांनी डोळे मिटले. बोटं क्षणभर कळफलकावर थांबली, मग घाईत असल्यासारखी नऊदा आपटली. पडद्यावर नऊ ठिपके उमटले आणि हिरवा दिवा लागला.

“काय टाकलंत, बाबा?”

“कुणास ठाऊक.”

शलाकाने आपलं कार्ड खाचेत घातलं. पहिल्यांदा ते उलटंच गेलं. पडद्यावर आता एकच शब्द होता: ‘होय’.

“दाबलंत की सगळं एकदम येईल, ते आठ दिवसही,” कुरणेबाई म्हणाल्या. “अकरा मिनिटं उघडं राहतं. नंतर किती बंद करायचं, ते तुम्ही ठरवा.”

हेर्लेकरांनी बोट त्या शब्दावर नेलं आणि न टेकवता तिथेच धरलं.

“शलाका, मी तिच्याशी बरा वागायचो का गं?”

शलाकाने खाचेतलं कार्ड बोटाने आणखी आत दाबलं. कुरणेबाई उगाचच दुसरी फाइल चाळू लागल्या.

हेर्लेकरांनी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना काही वाटत नव्हतं. बोट मात्र त्या शब्दावरून हटत नव्हतं.

“मग,” त्यांनी विचारलं, “दाबू का?”