बेटावर नसलेला विषय

कल्पना करा बाळांनो, तुम्ही सतरा वर्षांचे आहात आणि कुठे शिकायचं हे एक मंत्री ठरवतोय... तुमच्या कातडीवरून!

वर्णभेदाच्या काळात, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या धक्क्यावर लोगांबाळ नावाची मुलगी तशीच उभी होती. भारतीयांचं कॉलेज समोर बेटावर, बोटीने जायचं. गोऱ्यांचं विद्यापीठ मागे टेकडीवर, तिथे जायला मंत्र्यांची परवानगी लागायची. परवानगीचा अर्ज तिच्या हातात होता आणि वाऱ्याने नेमका तोच उडवला.

एका उंच मुलाने तो पायाखाली दाबला.

"अहो, पाय काढा! मंत्र्यांकडे जायचाय तो."

"मग राहू द्या की पाय," तो हसला. हा धनपालन, बेटावर दुसऱ्या वर्षाला. त्याने अर्ज उचलून वाचला. "विषय गणित? नकार येणार."

"मी गणितात पहिली आहे!"

"असाल. पण बेटावर जे शिकवतात, त्यासाठी टेकडीवर घेत नाहीत. मी इतिहास लिहिला होता... बसलोय बोटीत! खरं काय शिकायचंय तुम्हाला?"

तिची नजर खाली गेली. "घरांचे आराखडे काढायला. आमचं घर सरकारने पाडलं ना... पण मंत्री हसतील म्हणून—"

"हसू द्या. बेटावर तो विषयच नाही!"

त्याच्याच पेनाने तिने 'गणित' खोडलं आणि 'घरांचे आराखडे' लिहिलं.

उत्तर येईना. तोवर तीही बोटीने बेटावर जाऊ लागली. दुपारी दोघं घेवड्याची आमटी भरलेला पाव एकाच कागदावर खात आणि शेवटच्या घासावरून भांडत. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

वर्षाने पाकीट आलं. परवानगी! फक्त एका वर्षाची.

"मी नाही जात," धक्क्यावर ती म्हणाली.

"का गं?"

"तिथे शेवटच्या घासावरून भांडू कुणाशी?"

तो हसला नाही. "लोगा, माझ्यापायी तू बेटावर राहिलीस, तर मंत्र्यांचं काम मीच केलं की."

लाटा धक्क्यावर आपटत होत्या.

"परवानगी दर वर्षी मागावी लागेल," तो हळूच म्हणाला.

"मागेन. पण तुझ्यासाठी... कुणाचीच मागणार नाही."

बोटीचा भोंगा वाजला. तिने पाकीट पालथं घातलं आणि भराभर रेघा ओढल्या. एक घर, मोठी खिडकी, खिडकीशी अभ्यासाची दोन टेबलं. एकावर त्याचं नाव लिहिलं, पाकीट त्याच्या खिशात कोंबलं, आतलं पत्र मुठीत घट्ट धरलं.

आणि ती पोर वळून टेकडी चढू लागली.