अण्णांच्या शेवटच्या निरोपाची वेळ

पोरांनो, हा भाऊसो थापा मारतो असं कुणी म्हणेल, म्हणून नावानिशी सांगतो. हे घडलं आपल्या सांगलीत, रायगोंडाअण्णांच्या पोराच्या, सम्मेदच्या बाबतीत, गेल्या कार्तिक अमावस्येच्या रात्री. वार गुरुवार.

सम्मेद पुण्याला नोकरीला. अण्णा रोज दिवस मावळायच्या आत फोनवर निरोप बोलून पाठवायचे, जेवलास का म्हणून. जैनाचं घर, रात्रीचं जेवण नाही. एका संध्याकाळी असाच निरोप आला आणि त्याच रात्री अण्णा गेले. तो निरोप सम्मेदनं कधी ऐकलाच नाही. पोरगं रडलंही नाही. आतून बधिर झालं होतं.

वर्षभरानं फोन मोडकळीला आला, तेव्हा सगळे निरोप कॉम्प्युटरवर उतरवायला तो घरी बसला. पण उतरवलेल्या प्रत्येक फायलीवर आजचीच तारीख पडे. अण्णा कोणत्या दिवशी काय बोलले, तेच पुसलं जाणार होतं. म्हणून त्यानं रस्ट नावाच्या भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला. मूळ फायलीची वेळ वाचायची, नव्या फायलीवर चढवायची. पहिल्यांदा गफलत झाली. ग्रीनिचच्या आणि आपल्या घड्याळातला साडेपाच तासांचा फरक त्यानं दोनदा धरला.

आई, गुणमालाकाकू, पडद्यावरच्या वेळा बघून म्हणाल्या, "मध्यान रात्री जेवलास का म्हणून इचारायला ह्यांचं डोस्कं फिरलं हुतं व्हय रं?"

चूक निस्तरली. सगळ्या वेळा संध्याकाळच्या झाल्या, एक सोडून. शेवटचा, न ऐकलेला निरोप आत्ताची वेळ दाखवत होता.

काकू झोपल्या. त्यानं जुनी वेळ पुन्हा चढवली. चढली. परत बघितलं... आत्ताची. म्हणजे त्या फायलीत कुणीतरी आत्ता काही भरत होतं. नेट बंद केलं. फोनची वायर काढली. परत बघितलं...

आत्ताची.

मग त्यानं ती वाजवली. खरखर... श्वास... मागे की-बोर्डची टकटक. त्याच्याच.

"सम्मेद... दिवस मावळला. अजून जेवला न्हाईस?"

भ्यायला हवं होतं. त्याला काहीच वाटलं नाही.

"न्हाई, अण्णा," तो म्हणाला.



सकाळी त्यानं सगळे निरोप एका डिस्कवर घेतले, कॉम्प्युटरवरचे पुसले आणि डिस्क कपाटात कुलूपबंद केली. तेव्हापासून पोरगं दिवस मावळायच्या आत जेवतं. महिन्याभरानं कुलूप काढून डिस्क पहिल्यांदा जोडली तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. बाकी फायली जशाच्या तशा. त्या एकीवर तारीख कालची. वेळ, दिवे लागायच्या जरा आधीची, अण्णांच्या रोजच्या निरोपाची.