रिकाम्या खोलीचं माप

ही गोष्ट खरी आहे. शपथ घेत नाही, कारण शपथा घेऊन खोटं बोलणारे मी पुष्कळ पाहिलेत. माझ्या थोरल्या बहिणीच्या घरात हे घडलं. ती अजून त्याच घरात राहते, आणि तिला न विचारता मी हे लिहितेय.

रात्र नव्हती. लख्ख दुपार होती, रविवारची. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी धूत होतं.

तिसऱ्या मजल्यावरची, रस्त्याच्या बाजूची खोली. भुताने यावं असं तिथे काहीही नाही. दोन मोठे स्पीकर, समोर दोन जणांचा सोफा, एक कपाट, एक टीपॉय.

त्या खोलीत आमचे अण्णा बसायचे.

अण्णा म्हणजे आमचे वडील. आई गेल्यापासून ते ताईकडेच असतात. काचबिंदूने त्यांची नजर पार गेली. पेपर सुटला, फिरणं सुटलं, पत्ते सुटले. उरलं फक्त गाणं. जेवणाआधी तासभर गाणं ऐकायचं आणि मगच पानावर बसायचं, हा नेम. गाणं मनासारखं लागलं नाही, तर ताट जसंच्या तसं परत. हट्टीपणात आमच्या घराण्याचा हात कुणी धरणार नाही.

एके दिवशी त्यांनी तक्रार सुरू केली.

"गाणाऱ्याच्या पुढे कुणीतरी उभं आहे. आवाज अडतोय."

ताईला वाटलं, वय झालं. भावजींना वाटलं, खोलीचा दोष आहे.

भावजी म्हणजे ताईचे यजमान. ते वजनकाटे दुरुस्त करतात. माणूस देवासारखा, पण एखाद्या गोष्टीच्या मागे लागला की हात धुऊन लागतो. इकडे अण्णांचं जेवण तुटत चाललं होतं. शर्ट खांद्यावरून ओघळायला लागला. ताई रोज भरलेलं ताट उचलायची आणि भावजींकडे बघायची. ते बघणं बोलण्याहून वाईट.

भावजींनी कुठूनतरी माहिती काढली. प्रत्येक खोली म्हणे गाण्यात स्वतःचं काहीतरी मिसळते. भिंत आवाज परत फेकते, कोपरा घुमतो. मग ऐकणाऱ्याच्या कानाच्या जागी माइक उभा करायचा. स्पीकरमधून एक लांब आवाज सोडायचा, अगदी खर्जातून निघून शिट्टीसारखा बारीक होत जाणारा. लॅपटॉप तो ऐकून हिशोब करतो आणि खोलीने जेवढं बिघडवलं तेवढं गाण्यातून वजा करतो. याला रूम करेक्शन म्हणतात.

अट एकच. मोजताना खोलीत कुणी असता कामा नये.

त्या रविवारी त्यांनी अण्णांना स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. पंखा बंद केला. सोफ्याच्या मधोमध माइक उभा केला, लॅपटॉप बाहेर घेतला, दार लावलं आणि बटण दाबलं.

ऊऊऊऊ...

आवाज चढत चढत गेला. थांबला.

लॅपटॉप सांगत होता, उजव्या स्पीकरच्या पुढ्यात काहीतरी आहे. त्याला आपटून आवाज परत येतोय. साधारण माणसाच्या अंगाएवढं काहीतरी.

भावजी आत गेले. स्पीकरसमोर काहीच नव्हतं...

त्यांनी टीपॉय बाहेर काढला. कपाट भिंतीला सरकवलं, त्यात स्वतःची पाठ धरली. पुन्हा मोजलं.

अडथळा होताच. फक्त जागेवर नव्हता. स्पीकरपासून सुटून तो खोलीच्या मध्यावर आला होता.

भावजी चिडले. माइकला शिव्या घातल्या, विकणाऱ्याला घातल्या. पडदे उतरवले. पुन्हा मोजलं.

आता तो सोफ्याच्या जवळ होता...

तुम्ही म्हणाल, माणसाला भीती वाटायला हवी. भावजींना आला तो फक्त वैताग. वस्तू आधी इथे, मग तिथे, मग आणखी कुठे, हे त्यांच्या डोक्यात बसेना. नवा माइक आणला. नवी वायर आणली. पुढचे काही आठवडे रोज हेच चाललं आणि ताईच्या नाकी नऊ आले. शेजारीण विचारून गेली, "तुमच्याकडे रोज कोण ओरडतं?"

आणि अण्णा जेवेनात.

एकदा आवाज शिट्टीपर्यंत चढून थांबला. लॅपटॉप गप्प झाला. भावजी दाराला कान लावून उभे होते.

आतून तोच आवाज पुन्हा आला. हलका, अगदी दबलेला... कुणीतरी घशात म्हणून बघावा तसा.

भावजींनी दार उघडलं. खोली रिकामी होती. स्पीकरची वायर सैल असणार, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि वायर घट्ट केली. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मोजलं, तर अडथळा गायब.

ग्राफ एकदम सरळ. लॅपटॉपने हिशोब पूर्ण केला. भावजींनी ताईला हाक मारली, लग्नात हसले नव्हते तेवढे हसले.

अण्णांना आणून बसवलं. गाणं लावलं. त्यांचा चेहरा उजळला, मग डोळ्यांतून पाणी आलं. त्या दुपारी ते पोटभर जेवले, वर मागून घेतलं. ताईने मला फोन केला तेव्हा ती रडत होती. मी म्हटलं, सुटलो एकदाचे.

फक्त एक गोष्ट होती. अण्णा आता सोफ्याच्या एका कडेला बसायचे, अंग चोरून.

ताई म्हणाली, "अण्णा, मध्ये बसा ना ऐसपैस."

अण्णा म्हणाले, "मध्ये जागा कुठे आहे?"

ताईने मला लगेच बोलावून घेतलं. मी गेले, अण्णांच्या पायाशी बसले. सोफ्यावर बसायची माझी छाती झाली नाही. मनात एक वेडी आशा होती, ती बोलून टाकली.

"अण्णा, आई असेल का हो?"

ते हसले. "तुझी आई? अगं, मी गाणं लावलं की ती दार लावून घ्यायची."

"मग कोण?"

"मला काय दिसतंय? पण ऐकणारा आहे. गाण्यात चांगली जागा आली की डुलतो. सोफ्याला कळतं."

त्याच आठवड्यात भावजींच्या दुकानात एक किराणावाला काटा घेऊन आला. रिकामं पारडं, आणि काटा शून्याच्या खाली. भावजींना अशा तक्रारी पाठ आहेत. पारड्यात काही असताना शून्य लावलं, की काटा त्या वस्तूसकट पारड्याला रिकामं समजतो. मग वस्तू उचलली की वजन उणे जातं. किराणावाल्याला हे समजावता समजावता भावजींचा हात थांबला.

दुकान उघडं टाकून ते घरी आले.

अडथळा गेलाच नव्हता. जवळ येत येत तो माइकच्या शेजारी सोफ्यावर बसला होता. लॅपटॉपने त्याला सोफ्यातच धरलं, आणि त्याच्यासकट खोली रिकामी मानली. गाणं स्वच्छ लागत होतं ते तो तिथे बसलेला असायचा म्हणून...

करेक्शन पुसून टाकायचं त्यांनी ठरवलं. अण्णांना कळलं. माझे वडील कधी कुणापुढे हात जोडत नाहीत. त्या दिवशी जोडले.

"जावईबापू, एवढं एकच राहिलंय मला. ते काढू नका."

भावजींनी लॅपटॉप मिटला. मी अण्णांना माझ्याकडे चला म्हणून आर्जवं केली. पालथ्या घड्यावर पाणी.

मग एका दुपारी गाणं बिघडलं. आपोआप. खर्ज घुमायला लागला, गाणारा एका बाजूला कलला. अण्णांनी सोफ्यावर हात फिरवला... पार दुसऱ्या टोकापर्यंत.

"उठून गेला," ते म्हणाले.

कुठे गेला, हे कुणी विचारलं नाही. ताईने घरातले सगळे दिवे लावले, भर दुपारी.

अण्णांचं ताट पुन्हा परत यायला लागलं. भावजी माइक घेऊन उठले. आता खोली खरोखर रिकामी आहे, आता मोजलं तर खरं माप मिळेल, असं त्यांचं म्हणणं. ताईने माइक हिसकावून घेतला. त्या आवाजानेच तो जवळ आला होता, पुन्हा बोलावू नका, म्हणाली. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. माझं काय मत, असं दोघांनीही मला विचारलं. बाप उपाशी ठेवायचा की तसल्या सोबतीत बसवायचा, यावर मत काय देणार? राग येतो नुसता, आणि तो काढायचा कुणावर तेही कळत नाही.

शेवटी ताईचं चाललं. माइक, वायरी, सगळं तिने एका खोक्यात भरलं आणि स्वतः येऊन माझ्याकडे टाकून गेली. ते खोकं माझ्या माळ्यावर आहे.

काल जेवणाच्या वेळेला ताईचा फोन आला. अण्णा पोटभर जेवले म्हणाली. गाणं पहिल्यासारखं लागतंय म्हणाले, एकदम स्वच्छ.

मी विचारलं, "भावजींनी काही केलं का?"

तिच्या मागे गाणं चालू होतं. फोनमधूनही कळत होतं, सुरेख लागलं होतं.

"त्यांनी हातसुद्धा लावलेला नाही," ताई म्हणाली.