बारा फरशा आणि अडतीस सेकंद

पहिल्या भेटीत मला त्याचं फक्त डोकं दिसलं.

आमच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर लिफ्टचं दार सताड उघडं होतं. लिफ्ट खाली अडकलेली, तिच्या टपावर तो उभा, आणि डोकं तेवढं जमिनीच्या पातळीवर – बरोबर माझ्या बुटांसमोर. कुरळं, ग्रीस लागलेलं आणि अतिशय गंभीर.

"बूट नवे आहेत," डोकं म्हणालं. "डावा कुरकुरतोय. आणि उजवा गुडघा... तोही जरा वाजतोय."

परक्या डोक्याने गुडघ्याबद्दल बोलावं, ही आमच्या घराण्यातली पहिलीच वेळ.

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"लिफ्ट दुरुस्त करतो. वाजणाऱ्या गोष्टी ऐकायच्या, हाच धंदा." मग त्याने वर पाहिलं. डोळे काळेभोर. "गुडघा मात्र पहिलाच."

मला धाप लागली होती, जिना चढल्यामुळे. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

मी फरशांच्या दुकानात काम करते. दिवसभर लोक माझ्यासमोर मान खाली घालून उभे असतात. पहिलं वर्षभर मला वाटायचं, आदराने. पण ते फरशा बघत असतात. म्हणून मला एकदा तरी अशा जागी जायचं होतं, जिथे मान वरच करावी लागेल. साडेपाच हजार मीटरवरची एक खिंड मी निवडली. तिथे जाणाऱ्या आमच्या गटाचे म्होरके दातांचे डॉक्टर आहेत, आणि त्यांची अट सरळ होती – पाठीवर बारा किलो, नऊ मजल्यांच्या सहा फेऱ्या, अर्धा तास. नाही जमलं तर नाव कट. भूल न देता.

बारा किलो म्हणजे एकेक किलोच्या बारा फरशा. दुकानातूनच आणल्या, पांढऱ्या, कडेला निळी रेघ असलेल्या. मी रोज संध्याकाळी बॅगेत भरून चढायचे. सहाव्या मजल्यावर बॅग टेकवायची, खिडकीशी जाऊन वारा खायचा, पाणी प्यायचं... आणि डोक्याशी बोलायचं.

"तुम्ही येताय हे मला तिसऱ्या मजल्यापासूनच कळतं."

"कसं?"

"बाकीचे जिन्यावर राग काढत येतात. तुम्ही जिन्याला विचारून पाय ठेवता."

असं कुणी माझ्याबद्दल बोललं नव्हतं. मग मीही त्याला बघत राहायचे. तो लिफ्टच्या दोरखंडाला कान लावायचा, डोळे मिटायचा, आणि मोठ्या पान्याने एवढासा – अगदी एवढासाच – नट फिरवायचा. एखाद्या झोपलेल्या बाळाचं झबलं सारखं करावं, तसं.

मी जिच्याकडे राहते ती माझी आत्या त्याला 'खड्ड्यातला' म्हणायची. "काय गं, आज खड्ड्यातला काय म्हणाला?"

"बेअरिंगबद्दल बोलत होता."

"आमच्या वेळी चंद्राबद्दल बोलायचे," आत्या म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

दहा दिवसांत चमत्कार झाला. माझा दम टिकू लागला. बॅग फुलासारखी वाटू लागली. प्रेमात माणूस हलका होतो, असं ऐकलं होतं. बॅगही होते, हे नवीन होतं.

मग एका सकाळी आत्याने केर काढताना माझी बॅग एका हाताने उचलून बाजूला ठेवली. आत्याला लोणच्याची दहा किलोची बरणी दोन हातांनी पेलत नाही.

मी बॅग उघडली. फरशा सात.

त्या संध्याकाळी मी सहाव्या मजल्यावर वाकून थेट डोक्यासमोर आले. "पाच फरशा कुठेत?"

त्याने पाना खाली ठेवला. "गच्चीवर... लिफ्टच्या मशीनच्या खोलीबाहेर. तुमचा गुडघा उतरताना वाजायचा. मला वाटलं, ओझं कमी झालं की थांबेल. म्हणून एक दिवसाआड एकेक..."

"परीक्षा आठ दिवसांवर आलीय! बारा किलोची! मी सात किलोवर खूश होऊन बसले!"

"चुकलं."

"तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"तोंडाने सांगितलं असतं तर... तुम्ही चढायचं थांबवलं असतं. मग मी काय ऐकलं असतं?"

रागात गालावर ऊन पडावं तसं काहीतरी झालं. मी तरातरा गच्चीवर गेले. तिथे पाच फरशा अगदी समतल मांडल्या होत्या, निळी रेघ रेघेला जुळवून. दोन माणसांना चिकटून बसता येईल एवढी जागा.

"सिमेंट लावलेलं नाही," तो मागून म्हणाला. अख्खा. पहिल्यांदाच मी त्याला पायांसकट बघत होते. "परत मागाल, माहीत होतं."

मी पाचही फरशा बॅगेत भरल्या. "आठ दिवस आहेत. माझं बेअरिंग दुरुस्त कर."

'कर' म्हटलं हे दोघांनाही ऐकू आलं. त्याचे कान लाल झाले... ग्रीसमधूनही दिसले.

आठ दिवस तो खड्ड्यातून ओरडत राहिला. "उजवा जड पडतोय! उतरताना पावलं छोटी टाक! टाच नको, अख्खा पाय!" चौथ्या दिवशी गुडघा गप्प झाला. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी ताणकाट्याला लावून बॅग तोलली – बारा किलो. सहा फेऱ्यांना एकोणतीस मिनिटं चाळीस सेकंद. "दात आवळून चढलीस," ते कौतुकाने म्हणाले. डॉक्टरांचं लक्ष तेवढंच.

निघायच्या आदल्या दिवशी लिफ्ट दुरुस्त झाली. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याबरोबर, त्याच्याच लिफ्टमध्ये उभी राहिले. त्याने नऊ दाबलं.

"चल ना तूही," मी म्हणाले.

"मला उंचीची भीती वाटते."

"अरे, तू लिफ्टच्या टपावर उभा असतोस!"

"तिथे चारी बाजूंनी भिंती असतात. मला ऐकायला..."

टिंग. नववा मजला. अडतीस सेकंद! एवढी गुळगुळीत लिफ्ट करायची काय गरज होती? मी तळमजला दाबला.

"ऐकायला काय?"

"तू वीस दिवस नसणार. मी ऐकू काय?"

"बारा फरशा गच्चीवर मांडून ठेव. या वेळी सिमेंट लाव. खिंडीत पोचले की मी मान वर करून पोटभर बघणार... आणि मग खाली. तू खाली असशील ना?"

"सहाव्या मजल्यावर. तुझ्या बुटांसमोर."

मी त्याचा ग्रीसचा हात धरला. तो काही वाजला नाही. माझंच काहीतरी वाजत होतं... आणि त्याला ते ऐकू येत होतं, हे मला दिसत होतं.

टिंग. दारात आत्या, दोन्ही हातांत पिशव्या. तिने आमच्या हातांकडे पाहिलं.

"लिफ्ट चालू झाली का?"

"अजून तपासतोय, आत्या," तो अतिशय गंभीरपणे म्हणाला.

"तपासा, तपासा," म्हणत आत्याने पिशव्या आत सरकवल्या आणि स्वतः जिन्याकडे वळता वळता हात लांब करून आमच्यासाठी नऊ दाबलं.