नवराच होता

टोकियोत ओजिमा स्टेशनच्या मागच्या गल्लीत सिनेमे भाड्याने देणारं एक दुकान होतं. ऑक्टोबरातला शनिवार. बाहेर पाऊस भुरभुरत होता, छत्री उघडावी तर लाज वाटावी आणि न उघडावी तर केस भिजावेत, असा. जुईने आपली डीव्हीडी परत केली आणि वळली, तर परदेशी सिनेमांच्या फळीसमोर एक उंच तरुण उभा होता. हातातली डबी त्याने उलटी केली, सुलटी केली, पुन्हा उलटी केली.

"ते डच आहे," जुई म्हणाली. त्याच्या पिशवीवर पुण्यातल्या कापडदुकानाचं नाव नसतं, तर ती मराठीत बोललीच नसती.

तो दचकला नाही. जणू या गल्लीत कुणीतरी मराठीत बोलणार, हे त्याला ठाऊकच होतं. "डच म्हणजे इंग्रजीच्या जवळचंच ना?"

"जवळचं. पण कळण्याइतकं नाही. खाली जपानी अक्षरं येतात."

"तुम्हाला वाचता येतात?"

"त्यावरच पोट भरते. दुभाषी आहे मी."

"मग तुम्ही चला."

"कुठे?"

"आमच्या बिल्डिंगच्या हॉलमध्ये सुप्रभावहिनींचा भोंडला आहे. भोंडल्यानंतर सिनेमा. मला सांगितलंय, थरारक आण, पण मुलांपुढे लाज वाटेल असं नको. इथे तसा हा एकच दिसतोय. बाकी डब्यांवर एक तर रक्त आहे, नाहीतर..."

"नाहीतर?"

"नाहीतर रक्त नाहीये."

जुईने हसू ओठातच दाबलं. "मी अनोळखी माणसांबरोबर जात नाही."

"अंबरीष. सॉफ्टवेअर टेस्टर. झाली ओळख. शिवाय खिरापत आहे."

"काय आहे खिरापत?"

"ओळखायची असते ती. पण जिन्यात वास आला मला. खांतोळी."

"तुम्हाला सगळं आधीच कळतं वाटतं?"

"पगारच त्याचा मिळतो," तो म्हणाला, आणि डबी घेऊन काउंटरकडे निघाला. ती मागोमाग का निघाली, ते तिचं तिलाही कळलं नाही. खांतोळी तिने चार वर्षांत खाल्ली नव्हती, एवढं मात्र खरं.

हॉलमध्ये पाटावर कागदी हत्ती उभा होता आणि भोवती बायकांचा फेर. टोकियोत बँकेत असणाऱ्यांच्या बायका, सॉफ्टवेअरवाल्यांच्या बायका, दोन-तीन मुली. जुईला कुणी कोण-कुठली विचारलंच नाही. हात धरून फेरात ओढलं. सुप्रभावहिनी गाण्यात मध्येच पदरचं घालत होत्या –

ओजिमाच्या गावी, कागदाचा हत्ती,
सासू माझी पुण्यात, मला कसली भीती.

फेर हसत हसत मोडला. मग खिरापत ओळखायची वेळ आली. गोड की तिखट, ओली की कोरडी, सगळे अंदाज झाले आणि दारात उभा अंबरीष शांतपणे म्हणाला, "खांतोळी."

"भावजी, तुम्हाला पुढच्या वर्षी हॉलबाहेर बसवणार आहे मी," वहिनी म्हणाल्या.

भिंतीवर चादर ताणली. ऑफिसातून मागून आणलेला प्रोजेक्टर सुरू झाला. जुई पडद्याच्या कडेला खुर्चीवर बसून खालची अक्षरं मराठीत वाचू लागली. अंबरीष प्रोजेक्टरजवळ, म्हणजे तिच्या कानाशीच.

सिनेमातली बाई कालव्याकाठच्या घरात राहत होती. तिच्या वस्तू हरवत. तिला वाटे, आपलं डोकं फिरत चाललंय. नवरा डॉक्टर, फार प्रेमळ. रोज स्वतःच्या हाताने गोळी द्यायचा. अधूनमधून बहीण येऊन खिडकीशी उभी राहायची.

"नवराच आहे," अंबरीष हळूच म्हणाला. सिनेमा सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती.

"बोलू नका."

"आता तो म्हणेल, तू दमली आहेस, थोडं पड."

पडद्यावरचा नवरा बोलला. जुईने अक्षरं वाचली आणि दातओठ खात मोठ्याने म्हणाली, "तू दमली आहेस. थोडं पड."

असं पाऊण तास चाललं. तो आधी सांगायचा, ती नंतर वाचायची. तिला वाटू लागलं, आपण सिनेमाच्या नाही, याच्याच दुभाषी आहोत. शेवटी अंधाऱ्या धक्क्यावर नवरा बायकोसमोर उभा राहिला. अंबरीष तिच्याकडे झुकून कुजबुजला, "आता कबुली."

खाली कबुलीच आली होती. जुईने ती पाहिली... आणि सरळ आवाजात म्हणाली, "मी तुला वाचवत होतो. गोळ्या तुझी बहीण बदलायची."

हॉलमध्ये 'अगं बाई' उमटलं. नवरा पाय घसरून कालव्यात पडला, बाई धुक्यात चालत गेली, सिनेमा संपला. अंबरीष तिच्याकडे बघत राहिला.

दिवे लागले. इथली रीत अशी, की सिनेमानंतर प्रत्येकाने मत द्यायचं, नाहीतर चहा नाही.

गुणवंतकाका बँकेतले, निवृत्तीला आलेले. त्यांनी चष्मा पुसला. "असा शेवट कुणाला कळला नसता. तो बिचारा नवरा. आपण उगीच संशय घेतला."

"मला ती बहीण पहिल्यापासून खटकत होती," वहिनी म्हणाल्या.

"तुला सगळ्याच बहिणी खटकतात," त्यांचे यजमान शशिकांत म्हणाले.

"तुमच्या."

तेवढ्यात वहिनींची विभा, इथल्याच जपानी शाळेत जाणारी, खांतोळी खाता खाता म्हणाली, "आई, नवराच होता ना. तिथे लिहिलं होतं."

 जुई सोडून मोठ्यांपैकी कुणालाच जपानी वाचता येत नव्हतं, आणि लहानांपैकी प्रत्येकाला येत होतं. सगळ्या माना जुईकडे वळल्या. तिचे कान तापले.

"नवराच होता," ती म्हणाली. "हे आधीच सगळं सांगत होते. मला राग आला."

काकांनी चष्मा पुन्हा चढवला. "म्हणजे मी खुन्यासाठी रडलो?"

मग जे हसू फुटलं, ते चहा येईपर्यंत थांबेना. शशिकांत म्हणाले, खरा शेवट धरला तर सिनेमा भंगार, शेंबड्या पोराला कळेल असा. वहिनींना ते पटलं नाही. "भोंडल्याच्या गाण्यात पुढची ओळ कुणाला माहीत नसते? म्हणून आपण फेर थांबवतो? मला तर माहीत असलेलंच बघायला आवडतं. जिवाला घोर नाही."

"अंबरीष, तुझं मत?" काकांनी विचारलं.

त्याने जुईकडे पाहिलं. "सिनेमा ओळखू आला," तो म्हणाला. "या नाही आल्या."

जुई फुनाबोरीला राहायची, ओजिमापासून दोन स्टेशनांवर, नदीपलीकडे. पुढचे काही आठवडे कसे गेले, ते त्या दोघांच्या सायकलींना विचारावं. रविवारी पुलावर त्या शेजारी शेजारी चालायच्या, खाली संथ पाणी, वर थंडावत गेलेलं आभाळ. तो तिला नवे सिनेमे आणून द्यायचा आणि ती मुद्दाम शेवट सांगायची नाही.

"एक विचारू?" एकदा त्याने पुलाच्या मध्यावर सायकल थांबवली. "ऑफिसातही असंच बदलता?"

"नाही," ती म्हणाली. आणि मग, तो बघतच राहिला म्हणून, "कधी कधी कडू बोलणं जरा गोड करते. सगळेच करतात."

"माझ्यासाठी नका करू कधी. गोड लागलं तरी."

ती मान हलवून हो म्हणाली. वारा होता, ओढणी सारखी चाकाकडे जात होती. त्याने ती दोन बोटांनी उचलून तिच्या खांद्यावर ठेवली आणि लगेच हात मागे घेतला.

"माझं काम इथे आणखी तीन वर्षं वाढणार आहे," तो म्हणाला. "शुक्रवारी क्लायंट सांगेल. नक्कीच आहे तसं. ते झालं की मला तुम्हाला काही विचारायचंय."

"आत्ता विचारा."

"अं हं... आधी माझं इथलं पक्कं होऊ दे. उद्या मी कुठे असेन ते माहीत नसताना कसं विचारू?"

काय विचारायचंय, ते तिला कळलं होतं. ती रात्रंदिवस त्या शुक्रवारची वाट बघू लागली, त्याच्याहून जास्त.

शुक्रवारी एजन्सीने तिला एका मीटिंगला पाठवलं. पत्ता अंबरीषच्या ऑफिसचा होता, तो वाचून ती चपापली. आत गेली तर टेबलापलीकडे अंबरीष होता, अलीकडे क्लायंटकडचे मोरिता-सान. चौथं कुणी नव्हतं. अंबरीष तिला पाहून हसला, शुभशकुन झाल्यासारखा.

दुभाष्याचा एक नियम असतो. ज्याचं बोलणं असेल, त्याच्याच तोंडाने बोलायचं. 'ते म्हणतात' असं म्हणायचं नाही. समोरचा 'मी' म्हणाला, की आपणही 'मी' म्हणायचं.

मोरिता-सान सावकाश, नम्रपणे बोलले. जुई लिहीत राहिली. मध्येच तिचं पेन थांबलं.

"तुमचं काम चोख आहे," ती मराठीत म्हणाली. "तुमच्यामुळे आमच्या पुष्कळ चुका वेळेत सापडल्या. त्याबद्दल मी ऋणी आहे."

अंबरीषने मान लववली. त्याच्या डोळ्यांत पुढचं वाक्य आधीच उमटलं होतं, आणि ते चुकीचं होतं.

तिला ते मऊ करता आलं असतं. 'काम बहुतेक वाढेलच' म्हटलं असतं तर कुणी पकडलं नसतं. खरं काय ते कंपनीच्या पत्रातून कळेपर्यंत तो पुलावर उभा राहून तिला हवं ते विचारून मोकळा झाला असता. तिने टेबलाच्या कडेला बोटं दाबली.

"जानेवारीपासून हे काम पुण्याहून होईल," ती म्हणाली. "मी तुम्हाला इथे ठेवू शकत नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. मोरिता-सान खाली बघत होते. मग अंबरीष म्हणाला, "समजलं. थँक यू." तिने तेही जपानीत सांगितलं, आहे तसं, एक अक्षर कमी-जास्त न करता.

संध्याकाळी ती त्याच्या ऑफिसच्या फाटकाशी थांबली. तो आला, दोघं गर्दीतून स्टेशनपर्यंत चालले, गाडीत चढले. तो बोलत होता, पण सगळं सामानाचं. राइस कुकर शशिकांतना, सायकल विभाला, गादी कचऱ्यात टाकायची तर त्याचा वेगळा दिवस असतो म्हणे. ओजिमा आलं. तो उतरला. तीही उतरली.

"तुमचं स्टेशन पुढे आहे," तो म्हणाला.

"माहितीये. तुम्हाला काही विचारायचं होतं."

"आता काय विचारू, जुई? डिसेंबरात मी निघालो. तुमचं इथे सगळं चांगलं चाललंय. तुम्ही नाही म्हणाल... नाहीतर माझ्यासाठी हे सगळं सोडाल. दोन्ही मला नकोय."

"दोन्ही उत्तरं तुम्हीच ठरवून टाकलीत."

 मागून गाडी सुटली. तिचा वारा दोघांच्या अंगावरून गेला आणि फलाट मोकळा झाला.

"माझा करार मार्चला संपतोय," जुई म्हणाली. ती अगदी साध्या आवाजात बोलत होती, घरी डाळ संपल्याचं सांगावं तसं. "संपला की पुण्यात येईन. पुण्यातही जपानी कंपन्या आहेत, मला काम मिळेल. नाही मिळालं तर तीन महिन्यांनी पुन्हा इकडे येईन आणि तुम्ही फोन करत जाल. ते आपण बघून घेऊ. लग्न कराल माझ्याशी?"

अंबरीषने हातातली बॅग खाली ठेवली. पुन्हा उचलली.

"हे... हे मी विचारणार होतो."

"तुम्ही गादीचं बोलत होतात."

तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले, ते लपवायला त्याने मान वळवली. "हो," तो म्हणाला. "हो. करतो."

पुढची गाडी आली, थांबली, गेली. दोघं भिंतीशी लागून उभे होते, दोघांच्या बाह्या एकमेकींना टेकल्या होत्या आणि कुणी त्या दूर करत नव्हतं.

"आईला सांगतो," तो एकदम म्हणाला. पुण्यात अजून दुपारच्या चहाची वेळ होती. त्याने मोबाइलवर नंबर लावला. पलीकडून आवाज आला, "हॅलो... अंबू? काय रे, या वेळी कसा? बरा आहेस ना?"  "आई," तो म्हणाला. "आई, मी..." आणि त्याने घाबरून फोन जुईच्या हातात दिला.

"काकू, नमस्कार," जुई म्हणाली. "मी जुई. अंबरीष इथेच आहे, अगदी बरा आहे. त्याला तुम्हाला एक सांगायचंय."

"मग सांगत का नाही? तू सांग ना, बाळ."

"नाही काकू," ती म्हणाली, आणि फोन परत त्याच्या कानाशी धरला. "हे त्याचं त्यालाच सांगू दे."