चौथा शब्द

शालनबाईंच्या कानामागे वाटाण्याएवढा वाचासेतू बसवून तीन आठवडे झाले होते. मेंदूत उमटणारं बोलणं टिपायचं आणि बाईंच्याच आवाजात ऐकवायचं, एवढंच त्याचं काम. पण बाईंना पाणी मागायचं असलं तरी मध्येच सुरू व्हायचं, "सक्सीड, सक्सेस, सक्सेसफुल..." मग त्या भुवई उंचावून थांबायच्या.

विट्याच्या शाळेत तीस वर्षं त्यांनी इंग्रजी शिकवलं. क्रियापद, त्याचं नाम, मग विशेषण, एवढं त्या म्हणायच्या; चौथं क्रियाविशेषण वर्गानं ओरडायचं. लकव्यानं वाचा गेली तेव्हा तोंडात तेवढंच उरलं. नवरा हिंदुराव एसटीतले जुने फिटर, इंग्रजीच्या नावानं पूज्य. पण दोन वर्षं तेच बाईंचा वर्ग झाले. "सक्सेसफुली!" ओरडले की बाई खुदकन हसायच्या, चुकले की कपाळाला हात लावायच्या.

"तात्या, ही घोकंपट्टी सेतूच्या आड येतेय," सेतू बसवणाऱ्या डॉक्टर तबस्सुम हिंदुरावांना म्हणाल्या. "मेंदूतली तेवढी वाट बंद करता येईल. पण परत नाही उघडता येणार."

"करा की बंद! मला काय करायचंय इंग्रजी? माझ्याशी मराठीत बोलू दे तिला." हिंदुरावांनी सही ठोकली.

ती वाट बंद केली आणि शनिवारी बाई स्वच्छ बोलल्या, "चहा घेणार का? आज ऊन फार आहे." हिंदुरावांना रडूच कोसळलं. गल्लीत पेढे वाटले.

पुढं मात्र त्यांना चैन पडेना. बाई कुठं अडत नव्हत्या, कशासाठी थांबत नव्हत्या. हसणं तर संपलंच. ते पुन्हा दवाखान्यात गेले.

"यंत्र ठीक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "अर्धं वाक्य आलं की उरलेलं सेतू भरतो."

"आणि काहीच आलं नाही तर?"

डॉक्टर म्हणाल्या, "तरी काहीतरी साजेसं बोलतो."

"म्हणजे करायला गेलो गणपती अन् झाला मारुती!" हिंदुराव म्हणाले.

घरी येऊन ते बाईंसमोर बसले. आयुष्यात पहिल्यांदा सुरुवात त्यांनी केली. "डिसाइड, डिसिजन, डिसायसिव्ह..."

"आज ऊन फार आहे," सेतू म्हणाला.

पण बाईंची भुवई हळूच वर चढली.

"डिसायसिव्हली!" हिंदुराव जिवाच्या आकांतानं ओरडले. "शालन, बरोबर आहे का गं?"

"चहा घेणार का?" बाईंच्या आवाजात उत्तर आलं. भुवई तशीच वर होती. आत ती अजून चौथ्या शब्दाची वाट बघत असेल, तर घोकंपट्टीची वाटच बंद केल्यावर तिला कसं कळायचं की वर्गानं उत्तर दिलंय?